सायकलीचे माप
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपल्याकडे आरोग्यावर, पाककृतींवर, मुलांच्या संगोपनावर भाषणे होतात. मी सायकलीवर बोलणार म्हटल्यावर चिटणीसबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पुस्तकी पांडित्य माझ्याजवळ नाही. परंतु माझ्या वडिलांचे सायकल-दुरुस्तीचे दुकान होते आणि लग्न होईपर्यंत माझे हात ग्रीसने काळे असत. त्या अनुभवाच्या बळावर बोलते. कंटाळा आला तर चहा तयारच आहे.

विषय एवढाच, की मुलीसाठी सायकल घेताना तिच्या सांगाड्याचे, म्हणजे फ्रेमचे, माप कसे पाहावे. त्यातून हल्ली ज्या जाड टायरच्या, गिअरच्या सायकली निघाल्या आहेत, त्यांच्याविषयी मला विशेष सांगायचे आहे. त्यांना ऑल टेरेन म्हणतात, म्हणजे कसल्याही वाटेने जाणाऱ्या. दुकानात कोणी एमटीबी म्हणते, कोणी नुसते रेंजर म्हणते.

विषय क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. भोसरे, कुर्डू, लऊळ, चिंचगाव या बाजूंच्या वाड्यावस्त्यांवरून मुली शिकायला आपल्या गावात येतात. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाची आणि उन्हाळ्यात चाकोऱ्यांची. मुलीचे शिक्षण पुष्कळदा त्या दोन-तीन मैलांपाशीच अडते. बिहार राज्यात २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली आणि शाळेत टिकणाऱ्या मुलींची संख्या त्यामुळे वाढली, हे अभ्यासकांनी मोजून दाखविले आहे. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली ठरावीक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकलीची योजना निघाली. म्हणजे सरकारलाही पटले, की सायकल हे मुलीच्या शिक्षणाचे साधन आहे. मात्र ती तिच्या अंगाची हवी. तशी नसेल तर साधन राहते बाजूला आणि मुलगी भिंतीशी टेकवलेल्या सायकलीकडे पाहत घरी बसते.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी नववीतल्या मुलीला वडिलांनी हौसेने गिअरची सायकल आणली. मोठी घेतली, कारण पोरगी अजून वाढेल. चालू असताना ती नीट चाले. थांबायची वेळ आली की पोरीचा फक्त चवडा टेकायचा. एके दिवशी रेल्वेच्या फाटकापाशी एकदम थांबावे लागले. रस्त्याची कड उतरती होती, पाय खाली पोहोचला नाही आणि सायकलीच्या आडव्या नळीचा तिला जबर मार बसला. कोठे लागले ते तिला कोणाला सांगता येईना. आईला सांगितले ते तिसऱ्या दिवशी, तेही रडत. घरात मात्र ठरून गेले, की हिला सायकल जमत नाही. तीन आठवडे शाळा बुडाली. पुढे पाठवायचे की नाही, येथपर्यंत बोलणी आली. मी तिचे माप घेतले, सायकलीचे घेतले. सायकल तिच्यापेक्षा चार इंच मोठी होती! पोरीला सायकल चांगली येत होती, फक्त ती सायकल तिची नव्हती. तिचा मामेभाऊ उंच आहे, त्याच्याशी अदलाबदल केली. आता ती त्याच फाटकावरून रोज जाते-येते.

आता माप कसे पाहायचे ते सांगते.

दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, किती इंची पाहिजे? सव्वीस, साडेसत्तावीस की एकोणतीस? बायांनो, हे आकडे चाकाचे आहेत, फ्रेमचे नव्हेत. गोंधळ सारा येथेच होतो. चाक तेच २६ इंची असले तरी एका सायकलीची फ्रेम १५ इंचांची असते, दुसरीची १८ इंचांची. एकीवर आपली मुलगी राणीसारखी बसेल, दुसरीवर लोंबकळेल. म्हणून चाकाचे उत्तर मिळाल्यावर गप्प बसू नये. फ्रेम किती, हे वेगळे विचारावे. काही कंपन्या इंच न लिहिता लहान, मध्यम, मोठी अशी अक्षरे लिहितात. एका कंपनीची मध्यम दुसरीच्या मध्यमएवढी असेलच असे नाही, ब्लाउजच्या मापासारखेच ते आहे. तेव्हा स्वतः टेप लावावी. पायडलच्या मधल्या आसाच्या केंद्रापासून सीटखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत जे अंतर भरते ते फ्रेमचे माप. सीटची दांडी त्यात धरायची नाही. कोणी कंपनी आडव्या नळीच्या मध्यापर्यंतच मोजते, म्हणून तर छापील आकड्यापेक्षा आपली टेप बरी.

दुसरे माप मुलीचे. नुसती उंची पाहून भागत नाही. सारख्या उंचीच्या दोन बहिणी उभ्या करा, एकीचे पाय लांब असतात, दुसरीचे धड. सायकलीला पाय कळतात. मुलीला अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवून उभे करावे. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांच्या बेचक्यात, पुस्तकाची पाठ वर करून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढे वर दाबून धरावे. पुस्तक जमिनीला समांतर हवे. त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करून जमिनीपर्यंत मोजावे. सलवारीच्या आतल्या शिवणीचे माप याच्या जवळपास येते, पण तेवढ्यावर विसंबू नये. आणि हे माप आईने, मावशीने किंवा थोरल्या बहिणीने घरातच घ्यावे. दुकानात चार पुरुषांसमोर मुलगी ताठ उभी राहत नाही आणि माप चुकते.

आता हिशेब. आलेल्या सेंटिमीटरांचा चौथा हिस्सा काढा आणि त्यातून त्याचाच दहावा हिस्सा वजा करा. उरले ते ऑल टेरेन सायकलीच्या फ्रेमचे इंच. समजा माप ६८ सेंटिमीटर आले. त्याचा चौथा हिस्सा १७, सतराचा दहावा हिस्सा १.७, वजा जाता राहिले १५.३. म्हणजे त्या मुलीला १५ इंचांच्या आसपासची फ्रेम. मी ज्या मुलीची गोष्ट सांगितली तिचे माप ६६ होते. तिला १५ इंचांची फ्रेम पुरे होती, आणि घरात आली होती १९ इंचांची.

येथे कोणी वयस्कर भगिनी म्हणेल, आमच्या घरी तर बावीस आणि चोवीस इंची सायकली होत्या, त्यांवर आम्ही बसलोच की! खरे आहे. पण त्या साध्या, सरळ रस्त्याच्या सायकली. त्यांचा सांगाडा उंच असतो आणि आकडे मोजण्याची रीतही तशीच. शिवाय त्यांच्यावर आपण बसलो कसे, तेही आठवा. नळीच्या खालून पाय घालून, हाफ पायडल मारीत, अर्धे अंग एका बाजूला लटकवून. कित्येकींच्या नडगीवर त्याच्या खुणा अजून आहेत. ती हौस होती, ते काही माप नव्हे.

जाड टायरच्या सायकलीची फ्रेम ठेंगणी का, याला कारण आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली पळवीत. त्यातून या सायकली पुढे आल्या. खडबडीत वाटेवर सीटवरून उठावे लागते, अंग मागेपुढे करावे लागते, प्रसंगी पटकन खाली उतरावे लागते. म्हणून आडवी नळी खाली असलेली बरी. आपल्याकडे डोंगर नसला तरी उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत, कॅनॉलची भर आहे. तेथे एक पाय उंचावर टेकतो, एक खड्ड्यात जातो.

म्हणून दुकानात आणखी एक परीक्षा करावी. मुलीने सीटच्या पुढे, आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, रोज घालते त्या चपला किंवा बूट घालून, तळवे पूर्ण टेकवून उभे राहावे. साध्या सायकलीला नळी आणि अंग यांमध्ये दोन बोटे अंतर चालते. ऑल टेरेनला चार बोटे तरी हवे, जास्त असले तर उत्तमच. लेडीज फ्रेमला नळी मुळातच खाली असते, तेथे ही परीक्षा काहीच सांगत नाही. तिथे सीट आणि हँडल यांमधले अंतर पाहावे. पायडल मारताना कोपरे किंचित वाकलेली राहिली पाहिजेत. मुलगी ताणून हँडल पकडीत असेल तर आठ दिवसांत मान आणि मनगटे धरतात. वडिलांची एक खूण होती. सीटच्या टोकाला कोपर टेकवून हात हँडलकडे पसरायचा. बोटांची टोके हँडलच्या खुंटाला लागली किंवा दोन-तीन बोटे अंतर राहिले, की ठीक. ती अंदाजाची खूण आहे, पण वाईट नाही. त्याच वेळी ब्रेकची मूठ मुलीच्या बोटांत येते का, तेही पाहा. आपल्या पोरींची बोटे लहान असतात आणि ब्रेक मोठ्या माणसांच्या हातांचे बसविलेले असतात. मुठीजवळच्या बारीक स्क्रूने तो बहुधा आत घेता येतो.

सीटची उंची तर घरी लावता येते. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली आणायचे आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हेलकावे खाते, हे मागून चालत पाहिले तर दिसते. शिकणारीने पहिले काही दिवस सीट खाली ठेवावी, त्यास हरकत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. आपणा बायकांना सवय आहे वाढत्या अंगाचे घेण्याची. गणवेश दोन बोटे मोठा शिवायचा, खाली दुमड ठेवायची, पुढल्या वर्षी उसवायची. काटकसर म्हणून ते योग्यच. पण कापड आत घेता येते, लोखंड घेता येत नाही. सायकलीत दुमड असते ती सीटच्या दांडीत. फ्रेम आज बरोबर बसणारी घेतली तर पोर वाढेल तशी दांडी वर काढता येते. दांडीवर एक रेघ कोरलेली असते, तिच्यावर मात्र काढू नये. नाहीतर दांडी वाकते किंवा फ्रेमची नळी फाटते. शिवाय मुलींची उंची पंधराव्या वर्षानंतर फारशी वाढत नाही. म्हणजे आठवी-नववीतल्या मुलीला दोन-तीन इंचांची दुमड पुष्कळ झाली. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर कच्च्या वाटेसाठी लहान घ्या.

मापाचे महत्त्व आपणा कुर्डुवाडीकरांना कोणी सांगायला नको. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तेव्हा आपल्या स्टेशनला बार्शी रोड म्हणत. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटांचे, छोटीचे अडीच फुटांचे. एकाच स्टेशनात दोन्ही, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाईना, आणि सारा माल या डब्यातून त्या डब्यात हमालांच्या पाठीवरून जाई. आमच्या लहानपणी छोटी गाडी होती. आता तिकडेही मोठे रूळ आले.

किती गोष्टी सांगाव्यात? पुढे-मागे स्प्रिंगा असलेल्या सायकलीला मुले भुलतात. स्वस्त सायकलीतल्या स्प्रिंगा वजन मात्र वाढवितात, आणि पंक्चर झाल्यावर ते धूड ओढीत आणायचे मुलीलाच असते. आपल्याकडे वेड्या बाभळीचे काटे आहेत, तेव्हा पंक्चर होणारच. आणि ओढणी! ओढणी कमरेला घट्ट बांधल्याशिवाय कोणत्याही मुलीला सायकलीवर बसू देऊ नका. या सायकलींना साखळीवर पूर्ण झाकण नसते, सलवारीचा उजवा पायही रबराने बांधावा. साडीवाल्यांनी लेडीज फ्रेमच घ्यावी. नऊवारीचे बरे, तिला कोणतीही सायकल चालते.

जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी ज्यांना सायकल घ्यायची आहे, त्यांनी मुलीला घेऊन दुपारी तीननंतर आमच्याकडे यावे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खुणा करायला माझी हरकत नाही. टेप माझ्याजवळ आहे. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक मात्र येताना घेऊन या.