आपला नेम आपणच कसा तपासायचा?

मी जबलपूरच्या सदरमधून बोलतोय. सदर म्हणजे इथल्या छावणीचा बाजार. फौजेतून निवृत्त झालो आणि इथेच राहिलो.

मागे सहा वर्षांच्या नातवाची दाढ दुखू लागली. त्याला डेंटल कॉलेजात नेलं. समोर इंटर्न मुलगी, नागपूरकडची. नातू माझा हात सोडेना. मी विचारलं, "बेटा, जमेल ना?" ती म्हणाली, "काका, फिलिंग जमतं. पण लहान मुलाला इंजेक्शन मी एकदाच दिलंय. मॅडमना शेजारी उभं करते."

मी तिथेच निश्चिंत झालो.

बीडीएसला चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असते. मोठा पेशंट तोंड उघडून बसतो. मूल रडतं, डोकं हलवतं, आणि आई-बाप मागे उभे असतात. म्हणून बालदंतचिकित्सेत आधी सांगा, मग दाखवा, मग करा, असं शिकवतात. इथे विद्यार्थ्याचा स्वतःवरचा विश्वास लगेच डळमळतो.

अशा विद्यार्थ्यांना 'तुला काय किती जमतं?' असं विचारून त्यांचं त्यांनाच गुण द्यायला सांगतात. स्वतःबद्दलचा आदर मोजायला १९६५ची रोझेनबर्ग यांची दहा विधानांची प्रश्नावली आहे. पण मंडळी, या दोन गोष्टी वेगळ्या. 'मी चांगला माणूस आहे' आणि 'मला इंजेक्शन देता येतं' यांत गल्लत नको. पहिलं पक्कं असेल, तर दुसरं येत नाही हे सांगताना लाज वाटत नाही.

फायरिंग रेंजवर प्रत्येक रंगरूट म्हणतो, "साहेब, नेम बरोबर आहे." आम्ही म्हणायचो, टार्गेट बघू. पाचही गोळ्या एका जागी, पण मध्यापासून दूर लागल्या असतील, तर हात ठीक आहे, साइट सुधारायची. गोळ्या विखुरल्या असतील, तर सराव वाढवायचा. टार्गेट न बघता शाबासकी दिली तरी नुकसान, आणि रागावलं तरी नुकसान.

विद्यार्थ्याचंही तसंच. त्याने स्वतःला गुण द्यावेत, शिक्षकांनी वेगळे द्यावेत, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. जास्त दिले असतील तर सावध व्हावं. कमी दिले असतील तर शिक्षकांनी पाठ थोपटावी. जमत असूनही मागे हटणारे हात आम्ही फौजेतही पाहिलेत.

त्या दिवशी मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, पण इंजेक्शन त्या मुलीनेच दिलं. नातू थोडा रडला, मग तिच्याकडून कापसाचा बोळा मागून घेतला.

तुमच्या घरात कुणी शिकत असेल, तर आज त्याला 'किती मार्क पडले?' असं विचारू नका. 'अजून काय जमत नाही?' असं विचारा, आणि उत्तर शांतपणे ऐका.

जय हिंद.