आज पाऊस कुठे पडेल?

(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे दिलेले भाषण)



उन्हाळ्यात रेडिओवर हवामानाचा अंदाज तुम्ही ऐकता. निवेदक सांगतो, ‘‘उद्या सकाळी आकाश निरभ्र राहील. दुपारी मध्य पठारावर व पश्चिमेकडे स्थानिक स्वरूपाच्या सरी पडतील.’’ दुसऱ्या दिवशी क्युरपिपला धो धो पाऊस पडतो आणि ग्रां बेला लख्ख ऊन असते. मग ग्रां बेचा माणूस म्हणतो, ‘‘हवामान खात्याचे काही खरे नाही!’’ पण अंदाज तर बरोबरच होता. त्या माणसाने ‘स्थानिक’ या शब्दाकडे लक्ष दिले नव्हते, एवढेच. अंदाजातील प्रत्येक शब्दाला अर्थ असतो. तो कळण्यासाठी पाऊस कसा तयार होतो, हे आधी पाहू.

समुद्राच्या पाण्याची वाफ होते. ती हवेबरोबर वर चढते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत सगळी वाफ मावत नाही. समुद्रावरून उडालेल्या मिठाच्या व धुळीच्या सूक्ष्म कणांभोवती तिचे थेंब बनतात. असे असंख्य थेंब म्हणजेच ढग. ढगातील थेंब साधारण ०.०२ मिलिमीटर एवढा लहान असतो. इतका हलका थेंब खाली पडत नाही, तरंगत राहतो. पावसाचा थेंब २ मिलिमीटरचा असेल, तर त्यात ढगातील सुमारे दहा लाख थेंब सामावलेले असतात!

हे लाखो थेंब एकत्र कसे येतात? याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत थोडे मोठे थेंब लहान थेंबांवर आदळतात, त्यांना सामावून घेतात आणि जड होऊन पडतात. आपल्या बेटावरचे ठेंगणे ढग असाच पाऊस देतात. दुसरी रीत उंच ढगांची. आपल्या प्रदेशात उन्हाळ्यात सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशावर येते. त्याहून वर गेलेल्या ढगात बर्फाचे स्फटिक तयार होतात. ते वाढतात, खाली येताना वितळतात आणि टपोऱ्या थेंबांचा पाऊस होतो.

आता पावसाचे प्रकार पाहू. अर्ध्या मिलिमीटरहून लहान थेंब पडले, तर ती भुरभूर. फ्रेंच बातम्यांत तिला ‘ब्रुइन’ म्हणतात. एकाएकी येऊन थोड्या वेळात थांबते ती सर, म्हणजे ‘आवेर्स’. तासन्‌तास न थांबता पडतो ती संततधार. गडगडाटी ढगात वर चढणारा वारा जोरदार असतो. तो गोठलेले थेंब पुन्हा पुन्हा वर ढकलतो. त्यांवर बर्फाचे थर चढतात आणि गारा होतात. आपल्याकडे मात्र उष्ण हवेतून खाली येताना त्या बहुधा वितळतात, म्हणून गारा क्वचितच पडतात. हिम तर पडतच नाही, कारण आपले सर्वांत उंच शिखर केवळ ८२८ मीटरचे आहे. शेजारच्या रियुनियन बेटावर मात्र ‘पितों दे नेज’ हे सुमारे ३०७० मीटर उंचीचे शिखर आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘हिमाचे शिखर’. तेथे हिवाळ्यात क्वचित हिम दिसते.

मग एका लहानशा बेटावर इतका फरक का? आग्नेयेकडून येणारे वारे मध्य पठाराला अडतात आणि वर चढतात. म्हणून पठाराच्या काही भागांत वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. पठार ओलांडून खाली उतरणारी हवा कोरडी होते. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर पाऊस जेमतेम ९०० मिलिमीटर. आपले पूर्वज ज्या कोकणातून आले, तेथेही समुद्रावरचे वारे सह्याद्रीला असेच अडतात. फरक महिन्यांचा आहे. कोकणचा पावसाळा जून ते सप्टेंबर. तेव्हा आपल्याकडे थंडी असते. आपला मोठा पाऊस उन्हाळ्यात, नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये येतो.

उन्हाळ्यात आग्नेय वारे मंदावले, की आणखी एक गोष्ट घडते. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची दमट हवा आत येते. दुपारपर्यंत पठारावर व पश्चिमेकडे उंच ढग उभे राहतात. असा ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो. म्हणून एका गावात पूर आणि शेजारच्या गावात ऊन, असे होऊ शकते. ‘स्थानिक’ शब्दाचा अर्थ हाच.

पाऊस मोजण्याचे माप सोपे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर चौरस मीटरच्या छपरावर दहा हजार लिटर पाणी पडते! डोंगरावर पडलेले असे पाणी शहरात उतरले, तर काय होईल?

त्याचे उत्तर आपल्या देशाने पाहिले आहे. ३० मार्च २०१३ रोजी डोंगरांच्या कुशीतील पोर्ट लुईमध्ये थोड्या वेळात प्रचंड पाऊस पडला. पाणी भुयारी मार्गात शिरले. त्या दिवशी अकरा माणसे मरण पावली. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळ जवळून गेले, तेव्हाही राजधानीच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे एक ते चार वर्ग मुख्यतः वाऱ्याच्या वेगाशी जोडलेले आहेत. म्हणून वर्ग लहान आहे, तेव्हा पाऊसही कमीच पडेल, असे समजू नका.

तेव्हा मित्रहो, अंदाज ऐकताना तीन प्रश्न मनात ठेवा : पाऊस कोणत्या भागात, कोणत्या वेळी आणि कोणत्या प्रकारचा? अतिवृष्टीचा इशारा असेल, तर नदीकाठ, भुयारी मार्ग आणि पाण्याखाली गेलेले राडिए यांपासून दूर राहा. आपल्या घरावर ऊन असले, तरी वर पठारावर ढग फुगलेले असू शकतात. नदीचे पाणी तेथूनच येते. आजीआजोबांना फ्रेंच बातमी कळली नाही, तर तिचा अर्थ त्यांना मराठीत समजावून सांगा. तुमचे हे ज्ञान एखाद्याचा जीव वाचवू शकेल.

स्वाध्याय

१. ढगातील थेंब खाली का पडत नाहीत?
२. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस कमी का पडतो?
३. फरक सांगा : भुरभूर – सर – संततधार.
४. आठ दिवस हवामानाचा अंदाज ऐका. तुमच्या गावात प्रत्यक्ष काय घडले, ते वहीत लिहा.