मामांची रांजणवाडी
(स्नेहमेळाव्यातील मनोगताचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'डोळ्यांची काळजी' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मोतीबिंदू आणि चष्म्याबद्दल तुम्ही ऐकलेलंच असतं, म्हणून मी आज पापणीच्या कर्करोगाबद्दल बोलणार आहे. त्यासाठी आपल्या घंटेच्या मामांची गोष्ट सांगते. सांगण्याआधी त्यांच्या मुलाची परवानगी घेतली आहे.

२००४ साली मामा माझ्या दवाखान्यात आले. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत हरभऱ्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती. मी म्हटलं, "मामा, साधी रांजणवाडी आहे." भूल देऊन चिरा दिला, आतलं खरवडून काढलं आणि ते कापसाबरोबर टाकून दिलं. तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ आली. मी पुन्हा तेच केलं. मी त्यांच्याकडून पैसे घेत नसे, त्यामुळे ते संकोचायचे. तिसऱ्यांदा गाठ आली तेव्हा ते आलेच नाहीत. औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालत राहिले.

सात महिन्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला. पापणी जाड आणि पिवळसर झाली होती, त्या जागचे केस गळले होते, डोळा सतत लाल होता. या वेळी मी तुकडा तपासायला पाठवला. अहवाल आला : पापणीतल्या तेलग्रंथीचा कर्करोग.

आपल्या पापणीत बारीक तेलग्रंथी असतात. एखादीचं तोंड बंद झालं की गाठ येते. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि गरम शेकानं बसतात. पण याच ग्रंथींचा कर्करोग सुरुवातीला हुबेहूब तशीच गाठ होऊन येतो. वरच्या पापणीत ग्रंथी जास्त, म्हणून तो तिथे जास्त दिसतो. गोऱ्या लोकांत पापणीचा वेगळाच, सहसा जागेवरच राहणारा कर्करोग सर्वाधिक आढळतो. आपल्याकडे मात्र हा तेलग्रंथींचा प्रकार बऱ्यापैकी दिसतो, आणि तो पसरणारा आहे. पापणीच्या आतल्या आवरणातून तो खोबणीत जातो, कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठींतही उतरतो.

मामांना मुंबईला पाठवलं. तोवर तो खोबणीपर्यंत पोचला होता. पापण्यांसकट डोळा काढावा लागला.

लवकर कळलं असतं तर? गाठ आजूबाजूच्या थोड्या निरोगी भागासह काढतात. कडेला रोग उरलेला नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मग खालच्या पापणीतून किंवा गालावरून त्वचा घेऊन पापणी पुन्हा उभी करतात. डोळा आणि नजर दोन्ही बहुतेक वेळा वाचतात. त्यानंतर अनेक वर्षं नियमित तपासणी करावी लागते. 'सुरी लावली की कॅन्सर पसरतो' असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं नाही. तो पसरतो तो वाट बघत बसल्यानं.

मामांना भेटायला गेले तेव्हा मी सांगितलं, "मामा, पहिल्यांदा नाही तरी दुसऱ्यांदा तो तुकडा मी तपासायला पाठवायला हवा होता. चूक माझी आहे." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरी, आता बाकीच्यांचा पाठवतेस ना?"

पाठवते. त्या दिवसापासून दवाखान्यात फॉर्मॅलिनची बाटली कायम भरलेली असते. त्याच जागी पुन्हा आलेली गाठ काढली, की तुकडा तपासणीला जातोच.

आपण १९८३ च्या दहावीचे, म्हणजे सगळेच साठीला टेकलोय. हा आजार बहुधा याच वयात येतो. म्हणून एवढं लक्षात ठेवा. गाठ त्याच जागी पुन्हा आली, महिना-दोन महिन्यांत बसली नाही, तिथले पापणीचे केस गळले, औषध घालूनही एकच डोळा लाल राहिला, किंवा पापणीवरची जखम खपली धरून पुन्हा पुन्हा रक्ताळली, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवा. गाठ काढली तर 'तुकडा तपासायला पाठवला का?' असं विचारा. डॉक्टर ओळखीचा असला, तर नक्की विचारा. ओळखीच्या माणसाकडे आपण दोघंही घाईत असतो.

मामा त्यानंतर आठ वर्षं जगले. काळा चष्मा लावून दर २६ जानेवारीला झेंडावंदनाला यायचे. मला पाहिलं की हाक मारून विचारायचे, "बाटली भरलेली आहे ना?"