वेल्लोरचे हात

मार्काच्या शुभवर्तमानात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. येशू त्याला बरं करतो, पण आधी हात पुढे करून त्याला शिवतो. ज्याला गावात कुणी जवळ करत नव्हतं, त्याला शिवणं हेही त्या चमत्काराइतकंच मोठं होतं.

डॉ. पॉल ब्रँड यांची त्या चमत्कारावर श्रद्धा होती. 1914 साली आजच्या तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या पोटी ते जन्मले. 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन म्हणून आले. पुढे चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी एका रुग्णाच्या आखडलेल्या बोटांत आपला हात दिला आणि म्हणाले, दाब. पकड अशी बसली की ब्रँड कळवळले. निकामी ठरवलेल्या त्या हातात ताकद शाबूत होती! मग प्रार्थनेच्या जोडीला शस्त्रक्रिया आली. धड स्नायूची कंडरा सोडवायची, लुळ्या बोटाकडे वळवून जोडायची, काही आठवडे प्लास्टर, नंतर रोजचा व्यायाम. शुभवर्तमानात क्षणात घडतं त्याला वेल्लोरात महिने लागत. म्हणून ते काम श्रद्धेत उणं होतं, असं कुणी म्हणू नये.

कुष्ठरोगाने बोटं झडतात, असा तेव्हा सर्रास समज होता. एकदा गंजलेलं कुलूप ब्रँडना उघडेना. एका लहान रुग्णाने किल्ली सहज फिरवली, पण त्याचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि पोराला पत्ताच नव्हता! बोटं रोगाने झडत नव्हती. वेदनाच मेल्यामुळे भाजून, कापून, घासून जात होती.

हात सरळ झाले तरी पोटाचा प्रश्न उरला. काहींना तर सुधारलेल्या हातांमुळे भीकही मिळेना. तेव्हा वेल्लोरच्या कॉलेजच्या आवारात ‘न्यू लाइफ सेंटर’ उभं राहिलं. तिथे बरे झालेले तरुण सुतारकाम शिकत आणि रोज हातांवर नव्या जखमा शोधत. तरी काहींची बोटं रात्रीत कमी होत. जागून पाहिलं तेव्हा उलगडा झाला: झोपेत उंदीर कुरतडत होते आणि बधिर हाताला जाग येत नव्हती. त्यानंतर घरी निघालेल्या रुग्णासोबत एक मांजर देण्याचा रिवाज पडला.