सोडलेले येणे



दिवसभर वैशाखाचे ऊन सोसून आपण सायंकाळी येथे येऊन बसला आहात. अशा श्रोत्यांना आणखी ताप देणे बरे नव्हे, म्हणून आम्ही शास्त्रार्थात फार खोल शिरणार नाही. पत्रिकेत आमचा विषय 'ख्रिस्ती धर्मातील क्षमा' असा छापला आहे. तो वाचून एका स्नेह्याने आम्हांस विचारले, "म्हणजे एका गालावर मारले की दुसरा पुढे करायचा, तेच ना? पण आमच्या केळापूर तालुक्यात माणसाला गाल दोनच असतात. तिसऱ्या दिवशी काय करायचे?" प्रश्न थट्टेचा खरा, तथापि तो अगदी जुना आहे. येशूच्या शिष्यांपैकी पेत्राने हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला होता. भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे का? त्यावर उत्तर मिळाले ते सत्तर वेळा सात असे. म्हणजे मोजणेच सोडून द्या. आणि हे मोजणे सोडणे किती अवघड आहे हे ठाऊक असल्यामुळेच की काय, त्यापुढे लगेच एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती कर्जाची आहे.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिच्यात देवाजवळ क्षमा मागण्याचे एक वाक्य आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्या ठिकाणी जो शब्द आहे त्याचा अर्थ 'देणे' असा आहे, आणि मराठी शास्त्रातही तेथे 'ऋण' हाच शब्द ठेवला आहे. आमची ऋणे सोड, आम्हीही आमच्या ऋणकोंना सोडले आहे, असा त्याचा आशय. यवतमाळास १९५३ साली स्थापन झालेले आणि १९८३ साली पुण्यास गेलेले युनियन बिब्लिकल सेमिनरी पुष्कळांना आठवत असेल. तेथील पंडितांनी या शब्दावर पुष्कळ लिहिले-बोलले असेल; परंतु आमचे मत असे की, ऋण या शब्दाचा अर्थ समजावयास कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखातील माणसाला कोणत्याही पंडिताची गरज नाही. पऱ्हाटीला बोंड धरण्याआधीच तिच्या पैशावर कोणाकोणाची नावे चढलेली असतात, हे येथे शेंबड्या पोरालाही कळते.

आता ती गोष्ट. एका राजाने चाकराकडे हिशेब मागितला, तेव्हा चाकराच्या नावे दहा हजार तालंत निघाले. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एक दिवसाची मजुरी. गुणाकार करून पाहा: सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस काम मिळाले असे धरले, तर ते कर्ज फेडावयास दोन लक्ष वर्षे लागतील. राजाला दया आली आणि त्याने सारे कर्ज सोडले. तो चाकर बाहेर पडला तोच त्याला आपला एक सोबती भेटला. हा सोबती त्याला शंभर दिनार देणे लागत होता. चाकराने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकविले. या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शंभर दिनार ही काही कवडी नव्हे. शंभर दिवसांची मजुरी झाली. गरिबाचे शंभर दिवस कोणी बुडविले तर त्याला राग यावयासच हवा. सोबत्याचे देणे खोटे होते असे येशू म्हणत नाही. तो एवढेच दाखवितो की, वसुलीला निघालेल्या माणसाच्या स्वतःच्या नावे एक खाते होते, आणि दरवाजातून बाहेर पडताच तो ते विसरला.

क्षमा म्हणजे 'काही झालेच नाही' असे म्हणणे नव्हे, ही गोष्ट येथेच स्पष्ट होते. ज्या सावकाराची वही हरवली त्याने कर्ज सोडले असे कोणी म्हणत नाही. सोडावयाचे तर आकडा पुरता ठाऊक पाहिजे, आणि सोडल्यावर तो तोटा कोणाला तरी सोसावा लागतो. सोडणाराच तो सोसतो. आपल्याकडे नाथांची कथा सांगतात. गोदावरीचे स्नान करून येताना एक मनुष्य त्यांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकला आणि तेही पुनःपुन्हा स्नानास गेले. नाथांच्या शांतीपुढे आमचे मस्तक नम्र आहे. पण ती ज्याला लागतच नाही अशा पुरुषाची शांती होय. आपणा सर्वांना लागते, रक्त येते, रात्री झोप येत नाही. अशा माणसाने काय करावे, हा आजचा प्रश्न.

अशा एका बाईचे उदाहरण महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचे आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली जन्मल्या. पती नारायण वामन टिळक कवी, बुद्धिमान, आणि संसाराच्या दृष्टीने अगदी बेभरवशाचे. तापट स्वभाव, न सांगता घर सोडून जाण्याची खोड, हातचा पैसा भलत्याला देऊन टाकण्याची हौस. नागपुरास बुटींच्या आश्रयाला होते तेथूनही मन उडाले. पुढे राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचन वाचताना ते त्यात गुंतून गेले. शत्रूवर प्रीती करा असे सांगणारे ते प्रवचन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. घरी बायकोला मात्र त्याची वार्ता मागाहून कळली. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे, पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून घर मोडले. जगावर प्रीती करायला निघालेल्या माणसाला घरच्या माणसाला आधी सांगावे एवढे सुचू नये, याचे आम्हांस आजही नवल वाटते. टिळकांविषयी आम्हांस फार आदर आहे, म्हणूनच हे स्पष्ट बोलतो.

त्यानंतर सुमारे पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाई नगरास नवऱ्याजवळ गेल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही पाच वर्षे आपल्या हिशेबातून गळू देऊ नका. 'नवराच तो, जा, क्षमा कर' असे कोणी पहिल्याच आठवड्यात म्हटले असते, तर त्या म्हणण्याला आम्ही क्षमा म्हणणार नाही; ती दडपणूक झाली असती. दुखावलेल्या बाईला धर्माचा शब्द पुढे करून मार खायला परत पाठविणारे उपदेशक सर्व धर्मांत आहेत, आमच्यातही आहेत. धनकोच्या हाताला धरून पावतीवर अंगठा उमटविला, तर कर्ज सुटत नाही.

टिळक १९१९ साली वारले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यात टिळकांचे सारे अपराध जसेच्या तसे लिहिले आहेत. एकही झाकलेला नाही, आणि एकाचीही वसुली नाही. वाचणारा हसतो, कारण लिहिणारी हसत आहे. वही शाबूत आहे, आकडे स्वच्छ आहेत, आणि खाते मात्र बंद झालेले आहे. आमच्या मते मराठीत क्षमेवरचा सर्वांत मोठा ग्रंथ हाच, जरी त्यात क्षमेवर व्याख्यान कोठेही नाही.

परंतु गोष्ट येथे संपविली तर ती अर्धीच सांगितल्यासारखे होईल. लक्ष्मीबाई नगरास आल्या तेव्हा त्यांचे सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आणि भोवतालचे ख्रिस्ती बंधू बहुतांशी महार-मांग समाजातून आलेले होते. एका बाईचे हृदय नवऱ्याने मोडले होते हे खरे. आणि तीच बाई दररोज शेजारच्या घागरीपासून आपली घागर जपून दूर ठेवीत होती हेही तितकेच खरे. तिचे येणे होते, आणि तिचे देणेही होते. त्या शेजाऱ्यांनी काय गिळले असेल याचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही; लिहिणाऱ्या माणसांचे अपराध लिहिले जातात, न लिहिणाऱ्यांची क्षमा लिहिली जात नाही. पुढे राहुरीस असताना त्यांच्या मनात आले की, जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या. आणि त्या दिवसापासून त्यांनी शिवाशीव सोडली. हा प्रसंगही त्यांनी स्वतःच सांगितला आहे. नवऱ्याचे दोष लिहिणाऱ्या हातानेच आपले सोवळेही त्यांनी लिहिले, म्हणूनच त्या लिहिण्यात विष नाही. आणि टिळकांनी येशूच्या चरित्रावर आरंभिलेले 'ख्रिस्तायन' थोडक्या अध्यायांवर अपुरे राहिले होते, ते कोणी पुरे केले? ज्या धर्माने आपले घर मोडले असे एकदा वाटले होते, त्याच धर्माच्या संस्थापकाचे चरित्र बहुतांशी लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ साली त्या वारल्या. ग्रंथ त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला.

कोणी म्हणेल, नवराबायकोचे ठीक, पण जेथे खून पडला तेथे काय? होळकरांच्या इंदुराजवळ, देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे राणी मारिया या केरळी जोगीण काम करीत होत्या. गरिबांना सावकाराच्या दारी जावे लागू नये, बँकेचे कर्ज मिळावे, अशी त्यांची खटपट. ती काहींना खुपली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदुरास जाणाऱ्या मोटारीत समंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. ऑगस्ट २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, याही जोगीणच, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्या हाताला राखी बांधली. २००६ साली तो सुटला, त्यासाठी या कुटुंबानेही अनुकूल मत दिले. पुढे तो केरळात त्यांच्या आईवडिलांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरास राणी मारियांना 'धन्य' ही पदवी देण्यात आली, तेव्हा तोही त्या समारंभास हजर होता. येथेही दोन गोष्टी पाहाव्यात. खुनापासून राखीपर्यंत सात वर्षे गेली. आणि कोर्टाने आपले काम केले. कोणी त्यात आडवे आले नाही. न्याय राज्याचा आहे; त्याने शिक्षा करावीच. क्षमा ज्याला लागले त्याची आहे, आणि ती तुरुंगाच्या गजांतूनही पोहोचते.

एवढे सांगून आम्ही बसलो असतो तर सभा सुखरूप पार पडली असती. पण दुसऱ्यांची उदाहरणे देऊन स्वतः निसटणे हा वक्त्यांचा जुना धंदा आहे, आणि या गावात आमचे पाणी ओळखणारी माणसे समोरच बसली आहेत.

आमचे एक चुलतबंधू आहेत, वयाने वडील. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. त्यांचे आणि आमचे शेत लागून. एका वर्षी पेरणीत त्यांच्या वखराने धुरा कोरला आणि आमच्याकडची दोन तासे आत घेतली. आम्ही पांढरकवड्याच्या कोर्टात गेलो. नऊ वर्षे तारखा चालल्या आणि नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. विशेष हे की, दोघेही दर रविवारी एकाच उपासनेला जात होतो. दोन बाकांच्या अंतरावर बसून, दोघेही मोठ्याने, आमची ऋणे सोड, अशी प्रार्थना करीत होतो. भाऊंचा आवाज आमच्यापेक्षा चांगला. तो ऐकूनही आमच्या अंगाचा तिळपापड होई.

त्या डोंगरावरील प्रवचनातच आणखी एक आज्ञा आहे. वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि तेथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तेथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. आम्ही ती शेकडो वेळा ऐकली होती, आणि दर वेळी तिचा अर्थ उलटा घेतला होता. आमच्या मनात भावाविरुद्ध काय आहे हे आम्हांस तोंडपाठ होते. आज्ञा विचारते ते भावाच्या मनात आमच्याविरुद्ध काय आहे हे. एका रविवारी ते आमच्या ध्यानात आले. ज्या वर्षी आम्ही दावा लावला त्याच वर्षी आमचे काकाजी, म्हणजे भाऊंचे वडील, अंथरुणाला खिळलेले होते. कोर्टाचा समन्स घेऊन बेलीफ त्या अंथरुणापाशी गेला होता. काकाजींनी आम्हांस अंगाखांद्यावर खेळविले होते. ते वारले तेव्हा आम्ही मातीला गेलो, पण अंगणाबाहेर उभे राहिलो. दोन तासांचे येणे आम्ही नऊ वर्षे जपले, आणि हे देणे एकदाही आठवले नाही.

त्याच दुपारी आम्ही भाऊंच्या घरी गेलो. मनात पुष्कळ वाक्ये जुळविली होती, त्यांतले एकही तोंडातून निघेना. शेवटी समन्साचे एवढेच बोललो, आणि दावा काढून घेतो म्हणालो. भाऊ काही बोलले नाहीत. काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्यांनी तो आमच्यापुढे ठेवला आणि पदराने डोळे पुसले. बराच वेळ तिघेही बसलो होतो. धुऱ्याचा विषय भाऊंनी काढला नाही, आम्हीही नाही. तो अजून होता तेथेच आहे. मग भाऊंनी चष्मा पुसला, बाहेर उन्हाकडे पाहिले आणि विचारले,

"तुमच्याकडे यंदा पऱ्हाटी किती एकर टाकता?"