चरख्याचे चाते का थरथरते?

नवा पेटी-चरखा ज्या घरात येतो तेथे आठ-पंधरा दिवसांत एक तक्रार हटकून ऐकू येते. सूत तुटते, माळ उतरते, आणि कातणारी बाई म्हणते, "माझा हातच वळत नाही." हाताला दोष देण्याची ही घाई बरी नव्हे. शिकाऊ हात सूत तोडतो हे खरे. परंतु हाताने तुटणारे सूत केव्हाही आणि कसेही तुटते, यंत्राने तुटणारे सूत मात्र बहुधा ताल धरून तुटते. तो ताल ज्याला ओळखता आला त्याला दोषाची जागा शोधण्यास वेळ लागत नाही.

पेटी-चरख्याची रचना अशी. मुठीच्या मोठ्या चाकावरून एक माळ, म्हणजे दोरी, दुसऱ्या चाकाच्या आसावरील लहान कप्पीवर जाते. त्या दुसऱ्या चाकावरून दुसरी माळ चात्याच्या कप्पीवर जाते. १९३० नंतर येरवड्याच्या कारावासात गांधीजींनी या घडीच्या चरख्यावर पुष्कळ प्रयोग केले, म्हणून त्याला येरवडा चक्र हे नाव पडले. दोन चाकांची ही युक्ती मोठी नामी आहे. पहिल्या जोडीने वेग दहापट आणि दुसरीने आठपट वाढत असेल, तर मूठ एकदा फिरताच चाते ऐंशी वेळा फिरते. पण चात्याचे टोक केसभर जरी वाकडे असले तरी तेवढ्याच अवधीत सुताला ऐंशी हिसके बसतात. मग पेळू कितीही चांगला असो!

आता ताल पाहावयाचा. मूठ अगदी सावकाश फिरवावी. मुठीच्या प्रत्येक फेऱ्यास एकदाच अडखळत असेल तर मोठे चाक डुलते आहे. एका फेऱ्यात आठ-दहा वेळा खटका बसत असेल तर दुसऱ्या चाकाकडे पाहावे. खटका वेगळा असा जाणवतच नाही, नुसती थरथर लागते, तर चाते किंवा त्याची कप्पी संशयास पात्र आहे. एक चौथा चोरही असतो, तो म्हणजे माळेची गाठ. ती कप्पीवरून जाताना माळ उडी घेते काय, हे डोळ्यांनीच दिसते. गाठ जाड असली तर बारीक बांधावी. एवढ्यासाठी चरखा खोलून बसणारे लोक थोडे नाहीत.

माळ उतरू लागली की ती ओढून घट्ट करणे हा बहुतेकांचा पहिला उपाय, आणि तोच वाईट. ताण वाढला की आस व चात्याचे आधार आणखी कलतात, मूठ जड होते, आणि माळ उतरावयाची ती उतरतेच. आधी ओळ पाहावी. चाकाच्या खाचेपासून कप्पीच्या खाचेपर्यंत माळेच्या दोन बाजू असतात. दोन्ही बाजू खाचेच्या एकाच कडेस घासत असतील तर चाक किंवा कप्पी वरखाली बसली आहे. आसावर पातळ चकती घातली की काम भागते. एक बाजू वरच्या कडेस आणि दुसरी खालच्या कडेस घासत असेल तर आस कललेला असण्याचा संभव अधिक. तेथे चकतीचा उपयोग नाही. आधाराखाली एका अंगास जाड कागदाची घडी द्यावी लागते. मोठे चाक कोठे डुलते हे पाहण्यास खडू पुरे. तो कडेजवळ स्थिर धरून चाक फिरवावे. जो भाग बाहेर येतो त्यालाच खूण लागते.

चाते काढून आरशाच्या काचेवर लोळवावे. काच आणि चाते यांमध्ये उजेडाची फट उघडमीट करू लागली तर ते वाकले आहे. लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीनेच, हलक्या हाताने ठोकावे, आणि प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा लोळवून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन ठिकाणी एकदम हात घातला आणि चरखा सुधारला, तर कशाने सुधारला हे कळत नाही. बिघडला तर मग विचारावयासच नको.

हवापाण्याचाही यात हात असतो. पुण्यात पावसाळ्यात जुळविलेला चरखा नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावी वैशाखात उघडला, तर तोच चरखा निराळा वागतो. कोरड्या हवेत लाकूड आटते, स्क्रू ढिले पडतात, आणि पिळाची सुती माळ सैलावते. दमट हवेत ती आखडते. अशा गावी चरख्याचा कारखाना कोठून असणार? सुतार आणि लोहार यांच्याच हातांनी तो पुन्हा ओळीत यावयास हवा.

अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा हीच अडचण नेमकी हेरली होती. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे, एवढ्यावर अटी थांबल्या नाहीत. किंमत १५० रुपयांच्या आत असावी, यंत्र वीस वर्षे टिकावे, वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या शेकडा पाचांवर जाऊ नये, आणि ते खेड्यातील झोपडीत चालावे, असेही त्यांत होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही आपला चरखा करून पाहिला. बक्षीस अखेर कोणासच मिळाले नाही. सूत अधिक काढावयाचे तर चाती वाढवावी लागतात, आणि चाती वाढली की जुळवावयाच्या ओळीही वाढतात. दुरुस्तीची अट तेथे फार जड जाते. पुढे तमिळनाडूतील एकांबरनाथ यांचा अंबर चरखा १९५० नंतरच्या दशकात देशभर पसरला. त्यात एकाच्या जागी अनेक चाती आली, आणि काच व खडू घेऊन बसणाऱ्याचे काम तितक्या पटीने वाढले.