टॉवेलाखालचं वाळवण

सांगलीच्या आमच्या घरी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या होत्या. पहिलीवर वडिलांचे सदरे आणि पायजमे, दुसरीवर साड्या नि चादरी. तिसरी दोरी भिंतीलगत, तिथं ऊन यायचं ते सकाळी पाऊण तास, तेवढंच. त्या दोरीवर आईच्या आणि आम्हां बहिणींच्या ‘बॉडी’ वाळत. पण कशा? आधी बॉडी घालायची, तिच्यावर परकर, परकरावर टॉवेल. बघणाऱ्याला वाटावं, या घरात टॉवेल फार दिसतात.

श्रोतेहो, मी आज त्या टॉवेलाखालच्या वस्तूबद्दल बोलणार आहे. कुणाला अवघडल्यासारखं झालं तर आवाज थोडा कमी करावा, रेडिओ बंद करू नये.

‘ब्रेसियर’ हा शब्द तेव्हा खोक्यावर छापलेला असे, पण दुकानात तो उच्चारायची कुणाची टाप नव्हती. बायका म्हणत ‘बॉडी’, तेही काउंटरवर वाकून. काउंटरच्या पलीकडे एक गृहस्थ असत. ते गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकून आकडा सांगत, खोकं वर्तमानपत्रात गुंडाळत आणि पुडी अशी पुढे सरकवत, जणू काही उसनवारीचा व्यवहार आहे. त्या गृहस्थांनी सांगितलेला आकडा मी पुढे तीस वर्षं निमूट वापरला. त्याचं काय झालं ते नंतर सांगते.

माझ्या आजीला ही भानगडच माहीत नव्हती. ती नऊवारी नेसायची आणि खणाची चोळी घालायची. खण म्हणजे गुळेदगुड्डचा, बागलकोटकडचा, काठाला रुंद पट्टा असलेला. चोळीच्या आत काही नसे, कारण चोळीच अशी बेतलेली की आधार तीच द्यायची. पुढे दोन टोकांची गाठ. जेवण जास्त झालं तर सैल, कामाला लागायचं तर घट्ट. अंगाप्रमाणे रोज बदलता येणारं माप! आईच्या पिढीत पातळ कापडाचा झंपर आला, त्यातून आतलं दिसायला लागलं, आणि मग त्याच्या आत बॉडी आली.

आणि बॉडीबरोबर एक वाक्य आलं. ‘आतलं कोण बघतंय?’

आईचं हे ब्रीदवाक्य होतं. पट्टा सैल झाला की ती त्याला गाठ मारायची. हूक तुटला की पिन. इलॅस्टिकचे धागे बाहेर लोंबायला लागले की कात्रीनं कापायचे. दिवाळीला साडी व्हायची, लग्नाकार्याला साडी व्हायची, पण आतल्या कपड्यांची खरेदी ही कायम ‘पुढच्या महिन्यात’. पैसे नसत असं नव्हे. यादीत तिचा नंबर सगळ्यांच्या मागे, आणि तिच्या स्वतःच्या यादीत आतले कपडे सगळ्यात मागे. मी कमावती झाल्यावर तिला दोन नव्या आणून दिल्या. तिनं एक वापरायला काढली, दुसरी खोक्यासकट कपाटात ठेवली. विचारलं तर म्हणाली, “असू दे. दवाखान्यात जायची वेळ आली तर?”

ती वेळ चौदा वर्षांनी आली. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. आईनं मला आठवण करून दिली, “कपाटात वरच्या फळीवर खोकं आहे बघ.” मी ते काढलं. पांढरी, सुती, गोल गोल शिलाईची, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिनं ती अंगात घातली, हात वर केला आणि पाठीमागचा पट्टा कुरकुर वाजून ढिला पडला. रबर वापरल्यानंच संपतं असं नाही. कपाटातल्या उन्हाळ्यांनी ते सुकून गेलं होतं. ती बॉडी अंगाला न लागताच म्हातारी झाली होती. आणि डॉक्टरांनी बघण्याचा प्रश्नच आला नाही, कारण ऑपरेशनला जाताना दवाखान्याचा हिरवा झगा घालायला लावतात.

त्यानंतर मी या वस्तूच्या मागेच लागले. कुणी केली ही, आणि कशासाठी?

ऑस्ट्रियात पूर्व टायरोलमध्ये लेंगबर्ग नावाचा एक किल्ला आहे. 2008 साली त्याची दुरुस्ती चालू असताना फरशीखालच्या पोकळीत जुन्या कापडांचा ढीग सापडला. पंधराव्या शतकात मजला चढवताना भर घालायला टाकलेला कचराच तो. त्यात चार लिननच्या ब्रा निघाल्या. कप बेतलेल्या, आणि त्यातली एक तर आजच्या दुकानात ठेवली तर कुणी वळून बघणार नाही अशी. तोपर्यंत अभ्यासकांचं मत होतं की कप हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं काम. साडेपाचशे वर्षं ती गोष्ट कुणाला कळली नाही, कारण ती फरशीखाली पडून होती. आतलं कोण बघतंय!

मधल्या शतकांत युरोपात कॉर्सेट आलं. देवमाशाच्या जबड्यातल्या ताठ पट्ट्या घालून शिवलेलं, पाठीमागे नाड्यांनी आवळायचं. 1889 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एर्मिनी कादोल या बाईनं एक नवा प्रकार मांडला. तिनं कॉर्सेट कमरेत कापून त्याचे दोन भाग केले. वरचा भाग खांद्यावरच्या पट्ट्यांनी तोलून धरलेला. तिनं त्याला दिलेलं नाव मला फार आवडतं. ‘ब्यँ-नेत्र’. फ्रेंचमध्ये याचा अर्थ स्वास्थ्य, जिवाला बरं असणं. रूप, डौल, बांधा यातलं काही नाही. नुसतं, बरं वाटणं.

अमेरिकेतली मेरी फेल्प्स जेकब जास्त प्रसिद्ध आहे. एकोणीस वर्षांची असताना तिला नाचाच्या समारंभाला जायचं होतं, आणि झिरझिरीत झग्यातून कॉर्सेटच्या पट्ट्या डोकावत होत्या. तिनं मोलकरणीला हाक मारली, दोन रेशमी हातरुमाल आणि गुलाबी रिबीन घेऊन दोघींनी तिथल्या तिथं एक तुकडा शिवला. 3 नोव्हेंबर 1914 ला तिला पेटंट मिळालं. पुढे तिनं ते कॉर्सेट बनवणाऱ्या एका कंपनीला पंधराशे डॉलरना विकून टाकलं आणि पॅरिसला जाऊन पुस्तकं छापू लागली. कंपनीला त्यातून किती मिळालं याचा हिशेब तिनं बहुधा मनाला लावून घेतला नसावा. त्या मोलकरणीला काय मिळालं, हे मात्र मला राहून राहून विचारावंसं वाटतं.

मग 1922 मध्ये न्यूयॉर्कच्या आयडा रोझेंथल आणि एनिड बिसेट. त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. त्या काळी छाती सपाट दिसण्याची फॅशन, बायका पट्ट्यानं छाती दाबून बांधत. या दोघींना ते पटेना. आपले झगे अंगावर नीट बसावेत म्हणून त्यांनी दोन कप असलेला तुकडा झग्याबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी बायका झगा नको, नुसता तो तुकडा द्या म्हणायला लागल्या. आणि 1977 साली व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल. रोज धावायची आणि धावताना हैराण व्हायची. पुरुष खेळाडूंना आधाराचा लंगोट आहे, मग आपल्याला काहीच कसं नाही, असं म्हणत मैत्रिणींच्या मदतीनं तिनं दोन लंगोट एकमेकांना जोडून शिवले. आज सकाळी मैदानावर पोरी घालून धावतात त्या स्पोर्ट्‌स ब्राची ही जन्मकथा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

जाता जाता एक गंमत. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या अंगावरचा पोशाख ज्या कंपनीनं शिवला, तीच ब्रा आणि कमरपट्टे बनवणारी होती. मऊ कापडाचे थर अंगाबरोबर हलतील असे शिवायचे, आणि एक टाका चुकायला नको. हे शिवणकाम जमणाऱ्या बाया तिथंच होत्या.

आपल्याकडच्या इतिहासात मात्र एक जागा अशी आहे की तिथं हसू येत नाही. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकायला मनाई होती. ती झाकली म्हणून त्यांनी मार खाल्ला, त्यांची वस्त्रं भर बाजारात फाडली गेली, घरं जाळली गेली. कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर 1859 साली तिथल्या राजानं जाहीरनामा काढून परवानगी दिली, तीही वरच्या जातीच्या बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. कुणी काय झाकायचं आणि किती, हे ठरवणारे दुसरेच. आमची आई टॉवेलाखाली काय लपवत होती त्याचाही हिशेब मला तिथंच कुठंतरी लागतो.

आता माझ्या आकड्याचं. पन्नाशी ओलांडल्यावर खांद्यांवर खाचा पडलेल्या, मान दुखायची. भाचीनं एका दुकानात नेलं. तिथं एका मुलीनं पडद्याआड टेप घेऊन छातीखालचं माप घेतलं, मग छातीवरचं, आणि म्हणाली, “काकू, तुम्ही छत्तीस घालताय? तुमचा घेर चौतीसचा आहे आणि कप दोन मापं मोठा हवा.” तीस वर्षं मी त्या काउंटरमागच्या गृहस्थांच्या नजरेचं माप घालत होते! तिनं समजावलं ते मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ओझं खांद्याच्या पट्ट्यांनी पेलायचं नसतं, छातीखालच्या पट्ट्यानं पेलायचं. तो पाठीत वर सरकत असेल तर सैल आहे. नवी घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसायला हवी, म्हणजे इलॅस्टिक सैल पडत जाईल तसं आतल्या हुकावर जाता येतं. आणि एकच रोज घालायची नाही, तिलाही एक दिवस विश्रांती द्यायची.

ज्यांना घालायचीच नाही, त्यांनी न घालावी. घातल्यानं कर्करोग होतो असं सांगणारे निरोप मोबाइलवर फिरतात. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तसा काही संबंध आढळला नाही.

पण टॉवेलाखालचं वाळवण मात्र खरोखर वाईट. पावसाळ्यात ती तिसरी दोरी कधी कोरडी व्हायचीच नाही. दमट बॉडी तशीच अंगात चढायची, आणि छातीखाली, बगलेत नायटा. आईला तो दर श्रावणात व्हायचा. ती त्याला ‘उष्णता’ म्हणायची आणि खोबरेल लावायची. डॉक्टरना दाखवायचं तर ते आतलं, त्यामुळे दाखवलं नाही. ऊन फुकट होतं, अंगणात होतं, पण ते सदऱ्यांना मिळायचं.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. खांदा आखडलाय, हात पाठीमागे जात नाही. महिनाभरापूर्वी मी तिच्यासाठी पुढून हूक असलेली ब्रा आणली. मऊ सुती, रुंद पट्ट्यांची, हलक्या निळ्या रंगाची. तिनं आधी किंमत विचारली. मी अर्धी सांगितली. तरी म्हणाली, “एवढी? आतलं कोण…” आणि थांबली, कारण मी तिच्याकडे बघत होते. मग पलंगावर बसून तिनं एकेक हूक स्वतःच्या हातानं लावला. दर हुकाला खाली बघत.

“अगं, ही पुढनं लावायची म्हणजे आमच्या सासूबाईंच्या चोळीसारखीच की,” ती म्हणाली.

हात वर करून पाहिला. खाली केला. पुन्हा वर केला. मी खोकं आवरायला लागले तर म्हणाली, “ते टाक आता, ठेवू नको.”

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ती निळी हातात घेऊन सवयीनं टॉवेल शोधायला लागले, तर आतून आवाज आला, “उन्हात घाल गं. आणि आणखी एक आण. पांढरी नको.”